पडेल ते काम

माझा भाऊ पडतो. पोटापाण्याचा उद्योगच आहे तो त्याचा. गच्चीवरून पडतो, पुलावरून पडतो, काचेच्या खिडकीतून आरपार पडतो. एकदा तर क्रेनवरून पाण्याच्या हौदात पडला आणि डोकं वर काढून पहिला प्रश्न काय, तर "चहा आला का?" लोक मला विचारतात, भाऊ काय करतो. मी सांगते, पडेल ते काम करतो. त्यांना वाटतं, बिचाऱ्याला धड नोकरी नाही. वाटू दे, मी काही खुलासा करत बसत नाही.

घरात त्याचं नाव पडीक. हे अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठेवलेलं. मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणून एरवी दादा म्हणते आणि डोकं फिरलं की पडीक म्हणते. लहानपणी माझी समजूत अशी की हा दिवसभर लोळत असणार म्हणून अण्णा असं म्हणतात. पडीक जमीन असते तसा पडीक मुलगा. पुढे तो खरोखरच पडण्याच्या धंद्यात शिरला तेव्हा मला वाटलं, अण्णांची वाणी फळली. यात काही वेगळं असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

आम्ही दोघं एकाच स्टुडिओत. तो पडतो आणि मी शिवते. स्टुडिओत तीन मालिका तयार होतात आणि तिन्ही सुपरहिरोंच्या. पहिला लोहपंख, हा पोलादी पंख लावून उडतो. दुसरी विजेरी, ही वायरमन बाई, हिच्या बोटांतून वीज निघते. तिसरा पारा, हा सडपातळ तरुण, दाराच्या फटीतूनसुद्धा निसटतो. मालिका तीन, पण जग एकच. म्हणजे असं, की सोमवारी लोहपंखाच्या मारामारीत शहरातला मोठा पूल पडला, तर बुधवारी विजेरी कामावर उशिरा पोचते आणि मुकादमाला सांगते, "पूल कुठे राहिलाय आता, वळसा घालून आले." शुक्रवारी पारा त्याच मोडक्या पुलाखाली लपलेला. प्रेक्षकांना या जोडाजोडीचं असं वेड, की विजेरीच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाऱ्याच्या भागात दिसलं तरी त्यावर आठवडाभर काथ्याकूट चालतो.

त्यांचा होतो खेळ आणि आमच्या नाकी नऊ. लोहपंखाची बाही सोमवारी जळली आणि तो शुक्रवारी घटकाभर पाऱ्याकडे डोकावला, की बाही तिथेच आणि तेवढीच जळलेली पाहिजे. मग मी मेणबत्ती लावून नवीकोरी बाही जाळत बसते. शिवणकामाच्या बाईने स्वतःच्या हाताने कापड जाळायचं, आणि वर ते नीट जळलं नाही म्हणून बोलणी खायची. युनिटमध्ये मला सुई म्हणतात. शिवते म्हणून नाही, टोचते म्हणून. मला त्याचं काही वाटत नाही, सुईचं तेच काम आहे.

तिन्ही मालिकांत आणखी एक गोष्ट सारखी होती, पण ती पडद्यावर सांगायची नव्हती. तिघांचा डुप्लिकेट एकच, आमचा दादा. नट बोलतात, बघतात, प्रेमात पडतात. उंचावरून पडायची वेळ आली की दादा पडतो. चेहऱ्यावर मुखवटा असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. विजेरीच्या वेळी त्याला लांब वेणीचा टोप घालतात आणि कमरेला पट्टा आवळतात. वहिनी म्हणते, "आमच्या घरात केस लांब यांचेच."

आता माझं दुखणं सांगते. तिन्ही पोशाख दुरुस्तीला माझ्याकडे येत आणि तिन्ही एकाच जागी उसवलेले असत, डाव्या काखेत. मी दुहेरी शिवण घातली, नायलॉनचा दोरा वापरला, आतून पट्टी लावली. गडी पडला की टर्रर्र. कारण काय, तर दादा पडताना डावा हात छातीशी गच्च ओढून घेतो. उजवा हात मोकळा, मान आत, पाय सैल, बाकी सगळं शिकवायला घ्यावं इतकं व्यवस्थित. फक्त तो एक डावा हात. कोपर असं मुडपतो की काखेतलं कापड मागून ताणून फाटतं.

"काय सोनंनाणं लपवतोस का रे छातीशी?" मी दर वेळी विचारायची.

"सवय गं," तो म्हणायचा.

"जित्याची खोड," मी म्हणायची, आणि बाकीची म्हण दोऱ्याबरोबर दातांनी तोडायची. सख्ख्या भावाबद्दल ती पुरी कशी करणार.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं असतं. पण तिन्ही मालिकांचा महासंगम ठरला. म्हणजे लोहपंख, विजेरी आणि पारा पहिल्यांदाच एकत्र, एका गोष्टीत. शेवटी तिघं पाण्याच्या उंच टाकीवरून एकदम खाली झेप घेणार. जाहिराती सुरू झाल्या आणि नेमक्या त्याच सुमाराला कुण्या प्रेक्षकाने एक छोटा व्हिडिओ बनवून सोडला. त्यात तीन चौकटी शेजारी शेजारी. एकीत लोहपंख पडतोय, दुसरीत विजेरी, तिसरीत पारा. सगळं संथ गतीने. आणि तिघांचाही डावा हात छातीशी.

लोक हसले. "तिघं एकाच क्लासला होती काय?" असं कोणी लिहिलं. कोणी छातीठोक सांगितलं की ही तिघं भावंडं आहेत, महासंगमात कळेलच. व्हिडिओ घरोघर फिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते असं अक्षरशः झालं.

दिग्दर्शकाने दादाला बोलावलं. मीही गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. हा दिग्दर्शक वयाने लहान, बोलायला गोड आणि बराचसा वेळ क्रेनवर बसलेला असतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्याच्याकडे बघून कळलं. त्या दिवशी मात्र तो खाली खुर्चीवर होता.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण ही तीन वेगळी माणसं आहेत. तिघं सारखीच पडली तर मुखवट्यामागे एकच माणूस आहे हे उघड होतं. मग प्रेक्षकाने विश्वास कशावर ठेवायचा?"

तो चूक बोलत नव्हता, आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट झाला. चूक असता तर मी त्याला तिथेच सुनावलं असतं.

पुढे त्याने सांगितलं ते असं. महासंगमात तिघं एकदम पडणार, तेव्हा तीन डुप्लिकेट लागणारच. विजेरी आणि पाऱ्यासाठी नवी माणसं बघितली आहेत. लोहपंख दादाने करावा, पण डावा हात मोकळा सोडून. पुढच्या आठवड्यात चाचणी. हात सुटला तर काम दादाचं. नाही सुटला तर तिसराही नवा, आणि यापुढे तिन्ही मालिकांत नवीनच लोक.

दादाने "बरं" म्हटलं. त्याला सगळ्याला बरंच म्हणता येतं. पण बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. पंचेचाळिशीकडे झुकलेला माणूस. हे काम गेलं असतं तर त्याला दुसरीकडे कोण पडायला घेणार होतं? आणि त्याला दुसरं काही येत नाही, हे एक. दुसरं काही आवडत नाही, हे त्याहून मोठं. उंचावर कडेला उभा राहिला की त्याचा चेहरा असा शांत होतो, की मला त्याचा हेवा वाटतो. मी इथे मशीनवर बसून दिवसभर चिडचिड करते आणि हा जिवावरचं काम करून वर शीळ घालतो. ते सुख त्याच्याकडून जाणार या विचाराने मला जेवण जाईना.

सराव सुरू झाला. स्टुडिओच्या मागच्या अंगणात पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर रचायचे, त्यावर गाद्या टाकायच्या आणि शिडीच्या मचाणावरून पडायचं. दादाने डाव्या हातात फडकं धरून बघितलं. चेंडू धरून बघितला. खिशात हात घालून बघितला, तर खिसाच फाटला. दर वेळी मचाणावरून पाय सुटला की हात आपला छातीशी हजर. खाली आल्यावर तो स्वतःच्या हाताकडे असा बघायचा, जणू तो हात शेजाऱ्यांचा आहे.

शेवटी मी म्हटलं, "थांब. माझ्या पद्धतीने करते." शिवणाऱ्या बाईची पद्धत ती काय असणार? लोहपंखाचा सरावाचा पोशाख त्याला घातला आणि डावी बाही कमरेला टाके घालून शिवून टाकली. चामडं शिवायचा दोरा, टाक्यावर टाका. म्हटलं, आता जाईल कुठे.

तो वर चढला. एका हाताने चढताना जरा धडपडला, पण चढला. मान आत घेतली, पाऊल टाकलं. आणि अर्ध्या वाटेवर मला आवाज आला, जो मी झोपेतसुद्धा ओळखेन. टर्रर्र. माझे सगळे टाके तुटले होते आणि हात छातीशी पोचला होता. पण त्या हिसक्याने अंग वाकडं झालं आणि दादा खांद्यावर आपटला.

हाड मोडलं नव्हतं, स्नायू दुखावला होता. डॉक्टर म्हणाले, काही दिवस आराम. चाचणी पुढे ढकलावी लागणार होती, आणि ती कितपत ढकलतील हे कोणी सांगत नव्हतं. मी दादाला रिक्षाने घरी नेलं. सगळ्या वाटेत तो माझंच सांत्वन करत होता, "टाके छान होते गं, मजबूत होते." मला त्याला मारावंसं वाटलं.

घरी अण्णा खिडकीशी बसले होते. अण्णांनी जन्मभर एका कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. आता थकलेत, कमी बोलतात, आणि दादाच्या मालिका बघत नाहीत. म्हणतात, "त्यात तो दिसत नाही, मग कशाला बघायचं?" दादा आत जाऊन पडला, म्हणजे खरोखर झोपायला पडला. वहिनीने चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत अण्णांना सगळं सांगितलं. मग फोन काढून तो व्हिडिओ त्यांच्या पुढे धरला. "हे बघा, या हातामुळे सगळं रामायण."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेला. तिघं संथपणे खाली येत होती. अण्णांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"बाटली धरलीय त्याने," अण्णा म्हणाले.

"कसली बाटली?" मी विचारलं.

"दुधाची. तुझ्या."

मला वाटलं, वयोमानाने काहीतरी घोटाळा होतोय. पण अण्णा नीट शुद्धीत होते. त्यांनी सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या जन्मानंतर आई खूप आजारी पडली आणि बरेच महिने दवाखान्यात होती. मला वरचं दूध. तेव्हा आम्ही टेकाडाच्या अंगावरच्या एका चाळीत राहायचो आणि दूधकेंद्र खाली रस्त्यावर. मधे दगडी पायऱ्या, शेवाळलेल्या, झिजलेल्या. अण्णा मला मांडीवर घेऊन बसायचे, कारण मला खाली ठेवलं की मी घर डोक्यावर घ्यायची. ("अजून घेतेस," अण्णा म्हणाले.) म्हणून दूध आणायला दादा जायचा. आठ वर्षांचं पोर. काचेची बाटली डाव्या हाताने छातीशी धरायची, कारण उजवा हात कठड्याला हवा. आणि रोजच्या रोज नाही, पण दिवसाआड तो त्या पायऱ्यांवर घसरायचा.

"गुडघे फुटायचे. कोपर फुटायचं. एकदा हनुवटी फुटली," अण्णा म्हणाले. "बाटली कधी फुटली नाही. मी दारातूनच विचारायचो, पडलास? तो म्हणायचा, पडलो. मी म्हणायचो, बाटली? तो म्हणायचा, आहे. म्हणून तर पडीक नाव ठेवलं मी त्याचं. कौतुकाने."

वहिनीचा चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. माझी काय अवस्था झाली ते मला नीट सांगता येणार नाही. मी सांडलेला चहा पुसायला घेतला आणि पुसता पुसता भयंकर राग आला. इतकी वर्षं मी त्या काखेतल्या उसवणीवर दात खात होते आणि ती उसवण माझ्याच दुधापायी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी शिवून ठेवली होती.

मी आतल्या खोलीत गेले. दादा डोळे मिटून पडला होता, पण जागा होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"बाटलीचं."

त्याने डोळे उघडले. "हात आपोआप जातो ते का, हे नव्हतं लक्षात. आज हवेत असताना टाके तुटले तेव्हा आठवलं. पण दुधाचं माहीत होतं की."

"मग सांगितलं का नाहीस मला कधी?"

"सांगून काय करायचं? तू जन्मभर माझ्याशी गोड बोलली असतीस. मला ते झेपलं नसतं."

मी त्याच्या दुखऱ्या नसलेल्या खांद्यावर एक गुद्दा मारला आणि तिथेच बसून रडले. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "चहा आला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन न उघडता थेट लेखकांच्या खोलीत गेले. तिथे भिंतभर तिन्ही मालिकांच्या घटना लावलेल्या असतात, कुठे काय पडलं, कोण कोणाला ओळखतं, कोण मेलं, कोण मेल्याचं नाटक करतंय. मोठ्या लेखिकाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी पूर्वी त्यांच्याशी बटणांपलीकडे काही बोलले नव्हते.

"बोला ताई," त्या म्हणाल्या. "जळकी बाही ना? माझ्या लक्षात आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, बाहीचं नाही, हाताचं बोलायचंय, आणि सगळं सांगून टाकलं. दवाखाना, पायऱ्या, बाटली, अण्णांचे प्रश्न. मी काही मागायला गेले नव्हते. इतकंच म्हणायला गेले होते की तो हात सुटणार नाही, तो सोडवायला जाल तर माणूस मोडेल, तेव्हा चाचणी राहू द्या आणि त्याला दुसरं काही काम बघा.

लेखिकाबाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "बाटली काचेची होती?"

"काचेची."

"आम्ही महिनाभर याच्यावरच अडलोय ताई," त्या म्हणाल्या. "ही तिघं कधी भेटलेली नाहीत. तिघांचाही कोणावर विश्वास नाही. मग टाकीवर एकमेकांच्या शब्दावर उडी का मारतील? काही केल्या कारण सापडत नाही. प्रेक्षक म्हणतायत तिघं एकाच घरातली. असू देत ना एकाच घरातली."

त्यांनी दिग्दर्शकाला बोलावलं आणि उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. तिघंही लहानपणी एकाच अनाथाश्रमात होती. फार लहान, एकमेकांची नावंसुद्धा विसरलेली. तिथे दूध आणणारा एक माणूस होता. त्याने पोरांना पडायला शिकवलं. पडलात तरी चालेल, पण छातीशी धरलेलं फुटता कामा नये. आता टाकीवर आधी पारा उडी मारतो. वरून विजेरी बघते, त्याचा डावा हात छातीशी. लोहपंख बघतो. आणि दोघांना कळतं की हा आपला आहे.

दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे लोकांनी दाखवलेली चूक दुरुस्त करायच्याऐवजी खरी करायची?"

"आपल्या धंद्यात दुसरं काय करतात?" लेखिकाबाई म्हणाल्या.

तो हसला. हसल्यावर तो बराच बरा दिसतो. मग त्याने विचारलं, "आणि दूधवाला कोण करणार?" माझ्याकडे बघूनच विचारलं, म्हणजे उत्तर त्याला माहीत होतं.

"त्याला बोलता येणार नाही हो कॅमेऱ्यापुढे," मी म्हटलं. भावाचं नुकसान करायची ही माझी रीत.

"बोलायचं कशाला? पडायचं," तो म्हणाला.

अशी सगळी चक्रं उलटी फिरली. चाचणी रद्द झाली आणि लोहपंख दादाकडेच राहिला. खांदा बरा होईपर्यंत दादा खोक्यांच्या थराशेजारी खुर्ची टाकून बसला आणि नव्या लोकांना शिकवू लागला. विजेरीसाठी घेतलेली मुलगी जिम्नॅस्ट, पाऱ्यासाठी घेतलेला पोहणारा. दोघांनाही पडताना हात पसरायची सवय. मग आमचा गरीब दादा, ज्याला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तो ओरडायला शिकला. "हात आण. डावा हात आण छातीशी. काय सांडतंय बघ." आणि ती दोघं वैतागून म्हणायची, "दादा, सवय नाही हो." मी खिडकीतून ऐकायची आणि पोट धरून हसायची. महासंगमानंतरही तिन्ही मालिकांच्या पडण्याचं शिक्षण त्याच्याकडेच राहील, असं स्टुडिओने त्याला लेखी दिलं. वहिनीने तो कागद अण्णांना वाचून दाखवला.

मी तिन्ही पोशाखांच्या डाव्या काखेत आधीच जास्तीचा चौकोनी तुकडा घालून दिला. हे मला पूर्वीच सुचायला हवं होतं, पण पूर्वी मी त्या हाताला वठणीवर आणायला निघाले होते.

दादाच्या दृश्याच्या दिवशी अण्णांना आणलं. सेटवर खुर्ची दिली, गळ्याभोवती मफलर. समोर दगडी पायऱ्या उभारलेल्या होत्या, हिरवट रंग मारून शेवाळ केलेलं. खालच्या पायरीवर तीन लहान मुलं बसलेली, तीच मोठी होऊन लोहपंख, विजेरी आणि पारा होणार. दादाला मी साधा सदरा शिवला होता. डोक्यावर टोप नाही, तोंडावर मुखवटा नाही. केस पातळ झालेले, हनुवटीवर एक जुना व्रण. तो व्रण मी जन्मभर बघत आले होते, पण कधी विचारलं नव्हतं.

सामान सांभाळणाऱ्या माणसाने दादाच्या हातात दुधाने भरलेली बाटली दिली. दादा पायऱ्या चढून वर गेला. दिग्दर्शकाने शांतता मागितली. तो खाली यायला लागला, मधल्या पायरीवर पाय घसरला आणि तो पडला. पायऱ्या नुसत्या दिसायला दगडी होत्या, पण आवाज खऱ्यासारखा झाला. मुलांपैकी एकीने डोळे मिटून घेतले. दादा शेवटच्या पायरीशी येऊन थांबला, एका अंगावर, डावा हात छातीशी.

"कट" झालं तसा तो सामानवाला धावत पुढे आला. तोंडावरचा रंग उडालेला. "दादा, ती फुटायची बाटली होती हो. न फुटणारी द्यायची होती, चुकून तीच दिली मी." आमच्याकडे पडण्याच्या दृश्यात बाटली म्हटली की ती नकली काचेची, जरा धक्का लागला की चुरा व्हावी म्हणूनच बनवलेली. त्याने आयुष्यभर तीच दिली होती, आजही सवयीने तीच दिली. आणि बाटली दादाच्या हातात सबंध होती. बुचाकडून थेंबभर दूध सदऱ्यावर आलं होतं, तेवढंच.

कोणी काही बोलायच्या आत मागून अण्णांचा आवाज आला. खूप मोठा नव्हता, पण सेटवर सगळे गप्प होते.

"पडलास?"

दादा अजून उठला नव्हता. त्याने मान वळवली.

"पडलो," तो म्हणाला.

"बाटली?"

"आहे."

अण्णांनी मान हलवली आणि मफलर नीट केला. दादा उठला, कपडे झटकले आणि सगळं युनिट बघत असताना सरळ माझ्याकडे आला. बाटली पुढे केली.

"घे," तो म्हणाला. "तुझंच आहे."

मला युनिटमध्ये सुई म्हणतात, पण त्या वेळी माझ्याकडे टोचायला एक शब्द नव्हता. मी बुच काढलं आणि उभ्या उभ्या दूध प्यायले. दिव्यांखाली ते कोमट झालं होतं. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं तरी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग बाटली त्याच्या हातात परत दिली आणि सवयीने त्याचा डावा हात वर करून काखेत बघितलं. शिवण शाबूत होती.